सोयाबीनचा सौदा पडद्यावर : भोपाळ परिसरातील संगणकीय बाजाराचा अभ्यास

भोपाळ शहराच्या उत्तरेस करोंद येथे मोठी कृषी उपज मंडी आहे. गहू, हरभरा, सोयाबीन आणि भाजीपाला यांची तेथे नित्य आवक असते. १४ एप्रिल २०१६ रोजी केंद्र शासनाने ‘राष्ट्रीय कृषी बाजार’ म्हणजेच ‘ई-नाम’ या संगणकीय व्यवस्थेचा प्रारंभ केला. त्या वेळी आठ राज्यांतील २१ बाजार प्रायोगिक तत्त्वावर जोडण्यात आले व पहिल्या टप्प्यात २५ प्रकारच्या शेतमालाची निवड करण्यात आली. या पहिल्या तुकडीत मध्य प्रदेशातून करोंदच्या मंडीचा समावेश होता. व्यापाऱ्याने मालाच्या ढिगाभोवती उभे राहून बोली बोलण्याऐवजी संगणकाच्या अथवा मोबाइलच्या पडद्यावर आपला भाव नोंदवावा, आणि तो भाव शेतकऱ्यास पसंत पडला तरच सौदा पुरा व्हावा, अशी ही योजना आहे.

भोपाळच्या परिसरात या विचाराचे बीज मात्र त्यापूर्वी सोळा वर्षे रुजलेले होते. त्यामुळे महाराष्ट्रातील सोयाबीन उत्पादकांना, बाजार समित्यांच्या सेवकवर्गाला आणि गावोगावच्या शिक्षकांना या भागाचा अनुभव अभ्यासण्याजोगा आहे. देशातील बहुतांश सोयाबीन मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र या दोन राज्यांतच पिकते. माळव्याची काळी जमीन आणि मराठवाडा-विदर्भाची काळी जमीन यांचे पीक एकच, तेव्हा त्याच्या विक्रीतील अडचणीही बव्हंशी सारख्याच आहेत.

जुनी रीत आणि तिची किंमत

मध्य प्रदेशात कृषी उपज मंडी अधिनियम १९७२ साली झाला. गावच्या सावकाराच्या दाराशी पडेल भावाने माल टाकावा लागू नये, उघड लिलावाने भाव ठरावा, माप खरे असावे आणि पैसे त्याच दिवशी मिळावेत, हा त्यामागील हेतू होता. महाराष्ट्रातही १९६३ चा कायदा याच हेतूने अस्तित्वात आला. रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरविण्याची ‘हत्ता’ पद्धत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना उघड लिलाव ही केवढी सुधारणा होती हे वेगळे सांगावयास नको.

तथापि उघड लिलावानेही सर्व प्रश्न सुटले नाहीत. शेतकरी पहाटे ट्रॉली भरून निघे, मंडीत पोहोचून रांग धरी, आणि त्या दिवशीचा भाव काय हे त्याला तेथे गेल्यावरच कळे. आदल्या दिवशीचा भाव कोणी सांगितला तरी तो ऐकीव असे. माल एकदा मंडीच्या आवारात उतरला की तो परत नेण्याचा खर्च शेतकऱ्याच्या डोक्यावर बसे. साहजिकच बोली कमी आली तरी तो ‘होय’ म्हणून मोकळा होई. लिलावानंतर वजन, हमाली, तोलाई, पोत्यांची अदलाबदल आणि पैशासाठी ताटकळणे हे सोपस्कार निराळेच. व्यापाऱ्याजवळ मात्र दूरध्वनी असे, तेलगिरण्यांशी त्याचा संपर्क असे, आणि उद्याच्या भावाचा अंदाजही असे. आकाशवाणीवरून बाजारभाव सांगण्याची प्रथा जुनी व उपयुक्त होती, परंतु ते भाव ऐकून सौदा करता येत नसे. एका पक्षाजवळ सर्व माहिती आणि दुसऱ्याजवळ केवळ माल, अशा स्थितीत उघड लिलावाचा उघडेपणा अर्धाच राहतो.

गावच्या घरात संगणक

जून २००० मध्ये आयटीसी या कंपनीने मध्य प्रदेशात ‘ई-चौपाल’ नावाचा उपक्रम सुरू केला. चौपाल म्हणजे आपल्याकडील चावडी अथवा पार. सोयाबीन खरेदी करून त्याची पेंड निर्यात करणे हा कंपनीचा व्यवसाय होता. तेव्हा हा उपक्रम धर्मादाय नव्हता, हे आरंभीच ध्यानात घ्यावे. दलालांच्या साखळीतून येणारा माल महाग पडे, त्यात भेसळ असे, आणि तो कोणत्या गावचा हेही कळत नसे. ही साखळी आखूड करणे कंपनीला हवे होते. शेतकऱ्याचा लाभ आणि कंपनीचा लाभ येथे काही अंतरापर्यंत एकाच वाटेने चालले.

योजना अशी होती. सुमारे पाच किलोमीटरच्या टापूतील गावांसाठी एका जाणत्या शेतकऱ्याची ‘संचालक’ म्हणून निवड होई. त्याच्या घरी संगणक बसविला जाई. त्या काळी खेड्यातील दूरध्वनीच्या तारा भरवशाच्या नव्हत्या आणि विजेचाही नेम नव्हता. म्हणून पुढे उपग्रहाशी जोडणाऱ्या छत्र्या आणि सौर विजेरी यांची सोय करण्यात आली. संचालकाकडून गावकऱ्यांच्या समक्ष प्रामाणिकपणाची शपथ घेतली जात असे. कागदी करारापेक्षा चार माणसांसमोर दिलेल्या शब्दाला खेड्यात अधिक वजन असते, हे योजकांनी ओळखले होते असे म्हणावे लागेल.

संचालक ब्राउझर उघडून कंपनीचे संकेतस्थळ पाही. ब्राउझर म्हणजे संकेतस्थळ उघडून दाखविणारे संगणकातील साधन. त्यासाठी निराळे यंत्र अथवा निराळा कार्यक्रम लागत नाही. पत्ता लिहिला की पान समोर येते. त्या पानावर हिंदीतून जवळच्या मंड्यांचे भाव, हवामान आणि पिकाविषयी सल्ला दिलेला असे. आदल्या दिवशीच्या मंडीतील भावाच्या आधारे कंपनी दुसऱ्या दिवसाचा आपला खरेदीभाव जाहीर करी व तो दिवसभर कायम ठेवी. शेतकरी मूठभर नमुना घेऊन संचालकाकडे येई. नमुना पाहून संचालक अंदाजी भाव सांगे आणि नाव, गाव, प्रत व भाव लिहिलेली चिठ्ठी देई. पटले तर शेतकऱ्याने माल कंपनीच्या खरेदी केंद्रावर न्यावा, न पटले तर मंडीत न्यावा. खरेदी केंद्रावर इलेक्ट्रॉनिक वजनकाट्यावर गाडी तोलली जाई, प्रत तपासली जाई, आणि पैसे तेथेच रोख मिळत. वाहतुकीचा खर्चही भरून दिला जाई. संचालकास खरेदीच्या सुमारे अर्धा टक्का मोबदला मिळे. पूर्वीचे कित्येक आडतेही ‘संयोजक’ या नावाने याच व्यवस्थेत सामावून घेण्यात आले, कारण त्यांना वगळून काम चालणार नव्हते.

मंडीबाहेर खरेदी करण्यास कायद्याची आडकाठी होती. राज्य शासनाने कंपनीस तशी मुभा दिली आणि मंडी शुल्क मात्र वसूल केले. भोपाळच्या नजीक सिहोर येथे २००४ मध्ये ‘चौपाल सागर’ नावाचे मोठे केंद्रही उघडले. माल विकण्यास आलेला शेतकरी तेथेच बियाणे, खते आणि घरगुती सामान खरेदी करू शके. पुढे हा उपक्रम दहा राज्यांत पसरला. कंपनीच्या आकड्यांनुसार केंद्रांची संख्या सुमारे ६,१०० आणि गावांची सुमारे ३५,००० आहे.

भाव खरोखर वाढला काय?

कोणत्याही नव्या योजनेचा गौरव भरपूर होतो, मोजणी क्वचित होते. ई-चौपालच्या बाबतीत ती झाली. अर्थशास्त्रज्ञ अपराजिता गोयल यांनी मध्य प्रदेशातील मंड्यांच्या भावांचा अभ्यास करून २०१० मध्ये तो एका मान्यवर अर्थशास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. २००० ते २००४ या काळात राज्यात सुमारे १,७०० संगणक केंद्रे आणि ४५ खरेदी केंद्रे उभी राहिली होती. ज्या जिल्ह्यांत ती उभी राहिली, तेथील मंड्यांतील सोयाबीनचा सरासरी भाव एक ते तीन टक्क्यांनी वाढला, भावातील तफावत कमी झाली आणि सोयाबीनखालील क्षेत्रही वाढले, असे त्यांना आढळले.

यातील महत्त्वाची गोष्ट अशी की ही वाढ मंडीतील भावात झाली. म्हणजे ज्या शेतकऱ्याने कंपनीला एक दाणाही विकला नाही, त्यालाही लाभ मिळाला. शेतकऱ्याला आज घरबसल्या भाव ठाऊक आहे आणि त्याच्यापुढे दुसरा गिऱ्हाईक उभा आहे, हे कळताच मंडीतील व्यापाऱ्याची बोली वर सरकली. एक ते तीन टक्के हा आकडा ऐकावयास लहान वाटतो. परंतु बियाणे, खत, मजुरी आणि वाहतूक वजा जाता शेतकऱ्याच्या हाती जे थोडे उरते, त्याच्या प्रमाणात तो लहान नाही.

या यशाला मर्यादाही होत्या. भाव जाहीर करणारा आणि माल घेणारा एकच होता. संकेतस्थळ कंपनीचे, काटा कंपनीचा आणि तपासनीसही कंपनीचा. प्रतिस्पर्धा होती ती शेजारी मंडी जिवंत होती म्हणून. मंडी ओस पडली असती तर कंपनीचा भावही कोणत्या आधाराने ठरला असता, हा प्रश्न अभ्यासकांनी विचारलाच होता. मोबाइल फोन गावोगाव पोहोचल्यानंतर एका घरातील एका संगणकाचे महत्त्वही ओसरले.

अनेक गिऱ्हाईकांचा एक पडदा

ई-नामची कल्पना येथे निराळी ठरते. या व्यवस्थेत पडदा खरेदीदाराच्या मालकीचा नाही. केंद्र शासनाच्या कृषी खात्याखालील लघु कृषक कृषि व्यापार संघ तो चालवितो आणि त्यावर अनेक परवानाधारक व्यापारी बोली लावतात. कर्नाटकाने २०१४ पासून आपल्या बाजारांत असा संगणकीय लिलाव सुरू केला होता. त्याचा अनुभव राष्ट्रीय योजना आखताना जमेस होता. राज्यास ई-नाममध्ये सामील व्हावयाचे तर तीन सुधारणा आवश्यक ठरविण्यात आल्या: संपूर्ण राज्यासाठी एकच व्यापारी परवाना, बाजार शुल्काची एकाच ठिकाणी आकारणी आणि संगणकीय लिलावास कायद्याची मान्यता. प्रत्येक बाजारास साधनसामग्रीसाठी प्रथम ३० लाख रुपयांपर्यंत साहाय्य होते, ते पुढे ७५ लाखांपर्यंत वाढविण्यात आले. मार्च २०१८ पर्यंत ५८५ आणि मे २०२० पर्यंत १,००० बाजार जोडले गेले. त्यानंतर ही संख्या १,३०० च्या पुढे गेली. महाराष्ट्रातील शंभराहून अधिक बाजार समित्या त्यात आहेत आणि हे संकेतस्थळ मराठीतूनही वाचता येते.

शेतकऱ्याच्या दृष्टीने कामाचा क्रम असा. नाव, बँक खाते आणि मोबाइल क्रमांक देऊन एकदा नोंदणी करावी लागते. माल प्रवेशद्वारातून आत येताच त्याची नोंद होऊन लॉट क्रमांक मिळतो. या क्रमांकाची पावती जपून ठेवावी, कारण पुढील प्रत्येक टप्पा तिच्यावर अवलंबून असतो. नंतर मालाचा नमुना घेऊन प्रयोगशाळेत तपासणी होते आणि ओलावा, काडीकचरा, डागी व फुटके दाणे यांचे प्रमाण संकेतस्थळावर नोंदविले जाते. व्यापारी ते वाचून ठरलेल्या वेळेत आपली बोली नोंदवितात. एका व्यापाऱ्यास दुसऱ्याचे नाव दिसत नाही. वेळ संपताच सर्वांत वरची बोली जाहीर होते आणि शेतकऱ्याच्या मोबाइलवर संदेश येतो.

येथे थोडे थांबावे लागेल, कारण बहुसंख्य शेतकऱ्यांना या टप्प्याचे मर्म ठाऊक नसते. सर्वांत वरची बोली आली म्हणजे माल विकला गेला असे नव्हे. ती बोली स्वीकारण्याचा अथवा नाकारण्याचा अधिकार शेतकऱ्याचा आहे. तो उघड लिलावातही होताच. पण भोवती दहा व्यापारी, मागे ओरडणारी रांग आणि शेजारी आडत्या उभा असताना ‘नाही’ म्हणणे सोपे नसे. पडद्यावर ‘नाही’ म्हणावयास कोणाच्या चेहऱ्याकडे पाहावे लागत नाही. अर्थात नाकारलेला माल ठेवावयास जागा हवी. गोदाम नसेल तर हा अधिकार कागदावरच राहील. म्हणूनच नोंदणीकृत गोदामात माल ठेवून त्याची संगणकीय पावती घेणे आणि त्या पावतीवर बँकेकडून कर्ज काढणे, ही २०१७ पासून सुरू झालेली सोय संगणकीय लिलावाइतकीच महत्त्वाची मानावी.

सौदा मान्य झाल्यावर वजन, सौदापत्र, बिल आणि बँकेमार्फत पैसे, असा उरलेला क्रम आहे. पैसे थेट खात्यात जमा होत असल्याने ‘उद्या या’ या उत्तरास वाव कमी राहतो.

ओलाव्याचे गणित

संगणकीय बाजाराचा सर्व डोलारा नमुन्याच्या तपासणीवर उभा आहे. दूरच्या व्यापाऱ्याने ढीग पाहिलेला नसतो. तपासणीवर त्याचा विश्वास बसला तरच तो बोली लावील. सोयाबीनच्या व्यापारात १० टक्के ओलावा, २ टक्के काडीकचरा आणि २ टक्के डागी दाणे ही मर्यादा प्रमाण मानण्याची रूढी आहे. पावसाळा लांबला की कापणीनंतर दाण्यात ओलावा राहतो, आणि मग भाव कापला जातो. किती कापणे न्याय्य आहे, याचा हिशेब सातवी-आठवीच्या विद्यार्थ्यास करता येईल. शिक्षकांनी तो वर्गात जरूर करून घ्यावा.

समजा, एका शेतकऱ्याजवळ २० क्विंटल सोयाबीन आहे आणि त्यात १२ टक्के ओलावा आहे. कोरडा ऐवज ८८ टक्के, म्हणजे १७ क्विंटल ६० किलो. हाच माल १० टक्के ओलाव्यापर्यंत वाळविला तर कोरडा ऐवज तेवढाच राहील, पण तो एकूण वजनाच्या ९० टक्के होईल. १७.६० भागिले ०.९० केल्यास उत्तर सुमारे १९ क्विंटल ५६ किलो येते. वाळविण्यात ४४ किलो पाणी उडाले. वाळलेल्या मालाचा भाव ४,४०० रुपये क्विंटल धरला तर सुमारे ८६,०४० रुपये होतात. आता ओला मालच प्रतिक्विंटल १०० रुपये कमी भावाने, म्हणजे ४,३०० रुपयांनी विकला, तर ८६,००० रुपये येतात. दोन्ही रकमा जवळजवळ सारख्याच! म्हणजे १२ टक्के ओलाव्यासाठी शंभर रुपयांच्या आसपासची कपात ही केवळ पाण्याची किंमत असून तीत अन्याय नाही. परंतु व्यापाऱ्याने दाणा दाताखाली चावून ‘माल ओला आहे’ म्हटले आणि २०० रुपये कापले, तर ८४,००० रुपये हाती येतील आणि दोन हजारांचा तोटा शेतकरी सोसेल. आर्द्रतामापक यंत्राचे मोल हे आहे.

याच उदाहरणाचा पुढचा भागही पाहण्यासारखा आहे. गावचा व्यापारी दाराशी येऊन ४,२५० रुपये भाव देतो, माल आहे तसा घेतो, पण क्विंटलमागे एक किलो ‘घट’ धरतो. वीस किलो गेले, म्हणजे हाती ८४,१५० रुपये आले. बाजार समितीत नेण्यास वाहतूक १,६०० आणि हमाली, तोलाई मिळून ४०० असा २,००० रुपये खर्च धरू. माल कोरडा असेल व ४,४०० भाव मिळाला तर ८८,००० मधून खर्च जाऊन ८६,००० उरतात. बाजार १,८५० रुपयांनी फायद्याचा ठरला. माल १२ टक्के ओलाव्याचा असून कपात शंभर रुपयांची झाली तर ८४,००० उरतात, म्हणजे घरच्या सौद्याइतकेच. आणि डोळ्यांनी पाहून दोनशे कापले तर ८२,०००! मग त्या शेतकऱ्याने गावच्या व्यापाऱ्याची वाट धरली तर त्याला अडाणी कसे म्हणावे? तो हिशेबानेच चालला. बाजारात तपासणीचे यंत्र चालू आहे की धूळ खात पडले आहे, यावर त्याचा निर्णय अवलंबून आहे.

जेथे घोडे अडते

संगणकीय लिलावाच्या मार्गात ज्या अडचणी दिसून आल्या, त्या तंत्राच्या कमी आणि व्यवस्थेच्या अधिक आहेत. सोयाबीनची आवक दसरा-दिवाळीच्या सुमारास एकदम उसळते. अशा दिवशी प्रत्येक ट्रॉलीचा नमुना घेऊन तपासावयाचा तर तपासनीस आणि यंत्रे पुरेशी हवीत. ती नसली की तपासणी गाळली जाते, तोंडी लिलाव होतो आणि ठरलेला भाव मागाहून संगणकात भरला जातो. नोंदवहीत सौदा संगणकीय दिसतो, शेतकऱ्यास मात्र त्याचा लाभ शून्य. ही रीत अनेक ठिकाणी आढळल्याचे पाहणाऱ्यांनी वारंवार नोंदविले आहे. अधिकाऱ्यांनी एकूण संगणकीय उलाढालीचा आकडा पाहण्यापेक्षा किती लॉट तपासणीनंतर विकले गेले आणि प्रत्येकावर किती बोली आल्या, हे पाहिले तर खरे चित्र कळेल. एकाच व्यापाऱ्याची एकच बोली आली असेल तर तिला लिलाव म्हणणे कठीण आहे.

दुसरी अडचण अंतराची. लातूरच्या मालावर इंदूरच्या गिरणीने बोली लावावी, हे ई-नामचे स्वप्न आहे आणि आंतरराज्य व्यापाराची सोयही उपलब्ध आहे. तथापि परक्या गावी घेतलेला माल भरून देणार कोण, वाटेत प्रत बदलली तर तंटा कोणापुढे न्यावयाचा, या प्रश्नांमुळे बहुतेक सौदे त्याच बाजारातील व्यापाऱ्यांत होतात.

कायद्याच्या अंगाने २०२० साली मोठी उलथापालथ झाली. केंद्राच्या नव्या कायद्याने बाजार आवाराबाहेर, संगणकीय मंचांवरही, शुल्काविना व्यापारास मोकळीक दिली होती. शेतकरी संघटनांच्या दीर्घ आंदोलनानंतर, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये स्थगिती दिली व त्याच वर्षाच्या अखेरीस ते कायदे रद्द करण्यात आले. परिणामी संगणकीय व्यापाराची चौकट आजही राज्यांच्या कायद्यांवरच उभी आहे. मध्य प्रदेशच्या मंडी मंडळाने, ज्याचे मुख्यालय भोपाळ येथे आहे, शेतकऱ्यास घरून अथवा गोदामातून माल विकता यावा म्हणून मोबाइलवरील ‘फार्म गेट’ ही सोयही त्याच चौकटीत सुरू केली आहे.

भाव पाहणे निराळे, सट्टा निराळा

पडद्यावरील व्यापार म्हटला की हल्ली आणखी एक प्रकार खेड्यांतून शिरला आहे, त्याविषयी लिहिणे भाग आहे. वायदेबाजारात प्रत्यक्ष माल न हलविता पुढील महिन्यांच्या भावावर सौदे होतात. २००३ मध्ये सुरू झालेल्या एनसीडीईएक्स या वायदेबाजारात सोयाबीनचा मोठा व्यापार चाले आणि त्याचे भाव पाहून कित्येक शेतकरी माल केव्हा काढावा हे ठरवीत. डिसेंबर २०२१ मध्ये सेबी या नियामक संस्थेने सोयाबीन, हरभरा, मोहरी, गहू, मूग आदी सात शेतमालांचे वायदे स्थगित केले व पुढे ती मुदत वारंवार वाढविली. वायदे हे कायदेशीर आणि नियमन असलेले साधन आहे, परंतु ज्याची जोखीम कळत नाही त्याने त्यात हात घालू नये.

याहून निराळी आणि निव्वळ फसवणुकीची संकेतस्थळेही आहेत. शेअर, विदेशी चलन किंवा सोने यांच्या व्यापारात महिन्याला दामदुप्पट देण्याचे आमिष तेथे असते. पडद्यावर नफा वाढताना दिसतो, पण पैसे काढू जाता आधी ‘कर’ अथवा ‘शुल्क’ भरावयास सांगितले जाते. पीक विकून आलेली रक्कम एका आठवड्यात अशा ठिकाणी जाऊ शकते. भारतात शेअरचे सौदे करून देणाऱ्या प्रत्येक दलालाची सेबीकडे नोंदणी असावी लागते आणि ती सेबीच्या संकेतस्थळावर कोणासही पाहता येते. ती नसेल तर पुढे एक रुपयाही पाठवू नये.

ब्राउझरच्या वरच्या पट्टीत संकेतस्थळाचा पत्ता दिसतो. शासकीय स्थळांच्या पत्त्याचा शेवट ‘जीओव्ही डॉट इन’ असा असतो व ई-नामचाही तसाच आहे. अक्षरे एखाद्या मात्रेने निराळी असलेली नक्कल स्थळे बनविली जातात. म्हणून कोणी पाठविलेल्या दुव्यावर बोट ठेवण्यापेक्षा पत्ता स्वतः लिहावा. पत्त्याजवळ दिसणारे कुलपाचे चिन्ह हे संदेश वाटेत कोणी वाचत नाही एवढेच सांगते, पलीकडचा माणूस प्रामाणिक आहे असे सांगत नाही. सेवा केंद्रातील अथवा दुसऱ्याच्या संगणकावर काम झाल्यावर खात्यातून बाहेर पडल्याची खात्री करून मगच उठावे. मोबाइलवर आलेला सहा आकड्यांचा सांकेतिक क्रमांक बाजार समितीचा सेवक म्हणून कोणी मागितला तरी देऊ नये. सौदा मान्य करण्यासाठी तो लागत असेल तर शेतकऱ्याने स्वतःच्या हाताने भरावा, कारण तो क्रमांक म्हणजेच त्याची सही होय.

पैसे गेल्याचे ध्यानात येताच १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तत्काळ कळवावे. तक्रार जितकी लवकर पोहोचेल तितकी रक्कम बँकेत गोठविली जाण्याची शक्यता अधिक असते. बाजार समितीतील सौद्याविषयी तक्रार असल्यास लॉट क्रमांकाची पावती, तपासणीचा निकाल, काटापट्टी आणि बँकेतील जमा यांची तारीखवार नोंद घेऊन प्रथम समितीच्या सचिवांकडे लेखी अर्ज द्यावा व त्याची पोच घ्यावी.